आत येणारी पावलं

१

दोन वर्षं बापटांचा रविवार ठरलेला होता. श्रीपादने टावर चौकातून गरम पोहे आणि जिलबी आणायची, ती खाऊन सगळ्यांनी गाडीत बसायचं, उज्जैनच्या कुठल्या तरी टोकाला कुणाचं तरी घर बघायचं आणि दुपारी नाक मुरडत परत यायचं. नाक मुरडण्याचा पहिला मान अक्कांचा. अक्का म्हणजे श्रीपादच्या आई. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, जीभ मात्र ठणठणीत. एका घराचं स्वयंपाकघर त्यांना अंधारं वाटलं, दुसऱ्याचा जिना दारासमोर आला, तिसऱ्याचा मालकच आवडला नाही. मधुरा, त्यांची सून, शाळेत गणित शिकवायची. ती हसून गप्प बसायची आणि मनात म्हणायची, या चालीने घर मिळेपर्यंत मानसीचं लग्न निघेल. तिची लेक मानसी आठ वर्षांची होती आणि गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत तिचं तोंड एकदाही मिटत नसे.

घर हवंच होतं. फ्रीगंजमधल्या त्यांच्या भाड्याच्या मजल्याखाली मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. दिवसभर खालून घरघर आणि रस्त्यावरून हॉर्न. पण खरी निकड गौरींची होती. इतकी वर्षं खड्याच्या गौरी इंदूरला अक्कांच्या थोरल्या दिरांकडे बसायच्या. ते मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि जाताना गौरींचं तांब्याचं ताम्हन अक्कांच्या मांडीवर ठेवून गेले. अक्कांनी त्याच दिवशी जाहीर केलं, "भाड्याच्या घरात गौर आणायची नाही. एकदा आपल्या स्वतःच्या दारातून आत आलेली बघू द्या, मग खुशाल चक्रतीर्थावर नेऊन जाळा मला." म्हातारीचा हा एकच हट्ट होता आणि घरात सगळ्यांनी तो आपला मानला होता.

शेवटी सौरभ नावाच्या दलालाने देवास रोडवरून आत वळून एक वसाहत दाखवली. निसर्ग विहार. एका ओळीत बारा बैठी घरं, समोर कदंबांची रांग, प्रत्येक फाटकाशी मेंदीचं कुंपण. इतकं हिरवं की डोळ्यांना थंड वाटावं, आणि इतकं शांत की गाडीचं दार लावल्याचा आवाज सगळ्या गल्लीत फिरून आला. घर उजेडाचं होतं, जिना मागे होता, मालक नागपूरला निघून गेलेला. अक्का तीनही खोल्यांतून काठी टेकत फिरल्या आणि नाक मुरडायचं विसरल्या. मग बाहेर निघताना त्यांनी उंबऱ्याच्या पुढे, पायरीवर पाहिलं.

पायरीत लाल सिमेंटची एक फरशी होती आणि तिच्यावर दोन पावलं उमटवलेली होती. अंगठे रस्त्याकडे, टाचा घराकडे.

"अगं बाई, लक्ष्मी बाहेर निघालेली!" अक्का म्हणाल्या. "ही उलटी लावली आहे."

"माताजी, बिल्डर का डिज़ाइन है," सौरभ घाईने म्हणाला. "पूरी लाइन में ऐसा ही मिलेगा."

त्यांनी गाडीतून जाताना मुद्दाम पाहिलं. बाराही पायऱ्यांवर पावलं होती आणि बाराही बाहेर चालली होती. सगळ्यांच्या पावलांवर गेरू होता, ओला, ताजा. "या लोकांना कोण सांगणार," अक्का हसत म्हणाल्या. श्रीपादने तिथल्या तिथे सौरभला होकार कळवला.

२

श्रावण लागता लागता ते राहायला आले. पहिले चार दिवस मधुराला वाटलं, आपण स्वर्गात आलो. कुठे दुकान नाही, भोंगा नाही. दुपारी वह्या तपासताना कागदावर पेनाची खरखर ऐकू यायची.

पाचव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की इथे कुणी कुणाला हाक मारत नाही.

भाजीवाला गाडी घेऊन यायचा, तो ओरडत नसे. प्रत्येक फाटकाची कडी दोनदा वाजवायचा आणि थांबायचा. कुणाचं मूल रस्त्यावर खेळत असलं तर आई घरातून निघायची, चालत त्याच्यापर्यंत जायची, हाताला धरायची आणि घेऊन यायची. खेळणारी मुलंही तोंडाने काही म्हणत नसत. मधुराने स्वतःची समजूत घातली की सभ्य लोक आहेत, आपल्याच कानांना फ्रीगंजची सवय. वर्गात अशी शांतता असती तर तिने देवाला नारळ फोडला असता.

मानसीला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. शाळेच्या रिक्षातून उतरली की ती फाटकातूनच आरोळी ठोकायची, "आई! मी आले! आज काय झालं माहिती आहे?" पहिल्यांदा ती अशी ओरडली तेव्हा ओळीतल्या तीन घरांच्या बायका अंगणात होत्या. तिघींनी एकदम मान वर केली. एकीने आपल्या मुलाच्या तोंडावर हात ठेवला, जणू ओरडला तोच होता.

शेजारच्या घरात मीरा चौहान राहायची. पन्नाशीची, करकरीत सुती साडी, चेहऱ्यावर रेघ हलत नसे. तिचे यजमान सकाळ-संध्याकाळ व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसलेले असायचे. श्रीपादने दोनदा "नमस्ते, भाईसाब" केलं. त्यांनी फक्त मान हलवली. श्रीपाद घरी येऊन म्हणाला, "भारीच घमेंड दिसते."

रोज सकाळी सात वाजता सगळ्या घरांच्या बायका वाटी घेऊन पायरीवर बसायच्या आणि पावलांवर गेरू भरायच्या. सगळ्या एकाच वेळी, एक अक्षर न बोलता. दुसऱ्या आठवड्यात मीरा भाभी वाटी घेऊन बापटांच्या फाटकाशी आली. नाव विचारलं नाही, आत आली नाही.

"गेरू है. पैर रोज भरना," ती म्हणाली. "और बच्ची को समझाओ, चिल्लाए नहीं."

अक्का दारात होत्या. त्यांनी आपल्या खास हिंदीत सुनावलं, "बहनजी, हमारे में पावलां अंदर आती हैं. बाहर नहीं जाती. आप लोगों ने उल्टा लगवाया है."

मीरा भाभीने त्यांच्याकडे असं बघितलं की मधुराला सासूच्या पुढे येऊन उभं राहावंसं वाटलं.

"आपके यहाँ आती होंगी," ती म्हणाली. "यहाँ मत लाना." वाटी फाटकाच्या खांबावर ठेवून ती गेली. अक्कांनी तो गेरू तुळशीत ओतला आणि दिवसभर त्या धुसफुसत होत्या.

३

गणपती बसले आणि अक्कांनी मिस्त्रीचा विषय काढला. गौरी दोन दिवसांवर. बाहेर जाणाऱ्या पावलांवरून गौर आत आणायची म्हणजे पाहुण्याला दारात उभं करून पाठ दाखवण्यासारखं. "उलटवून घ्या ती फरशी," त्या म्हणाल्या. "एवढं तरी माझं ऐका."

मधुराचा असल्या गोष्टींवर फारसा विश्वास नव्हता. पण तिला ती फरशी वेगळ्या कारणाने खुपत होती. फळ्यावर कुणी आकृती उलटी काढली की पुसून नीट केल्याशिवाय तिला पुढे शिकवताच येत नसे, तसंच काहीसं. आणि त्या मीराचं बोलणंही तिला झोंबलं होतं. आपल्या घराची पायरी, आपली फरशी. यांना काय पडलं आहे? तिनेच श्रीपादला म्हटलं, "पलटवून टाकू. एका तासाचं काम."

मिस्त्री फ्रीगंजहून आणला. सकाळचे अकरा वाजले होते. त्याने छिन्नी लावली आणि दोन ठोक्यांत फरशी सुटून आली, इतक्या सहज की तो स्वतःच मागे बसला. खाली सिमेंट नव्हतं, मऊ ओली माती होती. आणि मातीत पावलं होती. अंगठे घराकडे.

"ठप्पा उतर आया होगा, मैडम," मिस्त्री म्हणाला.

मधुरा वाकून बघत राहिली. ठसा उमटला तर डावं-उजवं बदलतं, हे ती सहावीच्या मुलांना दरवर्षी आरसा हातात देऊन शिकवायची. पुढचं मागे होत नाही. अंगठे रस्त्याकडे असलेल्या फरशीचा ठसा घराकडे तोंड करून उमटणार नाही. आणि फरशीची खालची बाजू तर सपाट होती. तिने हात फिरवून पाहिली. मातीतली पावलं बारीक होती, वरच्यांपेक्षा खोल, आणि टाचांपेक्षा चवडे जास्त रुतलेले, चवड्यांवर उभं राहून कुणी आत डोकावत असल्यासारखे.

"माती दाबून घ्या नीट," ती म्हणाली. त्याने थापीने माती सारखी केली, मसाला घातला आणि फरशी फिरवून बसवली.

उठता उठता तिने पाहिलं, मीरा भाभी कुंपणापलीकडे उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने फरशीकडे पाहिलं, मग मधुराकडे. ती आत गेली आणि तिच्या घराच्या खिडक्या एकेक करून बंद झाल्या. मग पलीकडच्या घराच्या. मग त्यापुढच्या. मधुराने अकराही घरांच्या खिडक्या लागताना ऐकल्या.

४

खड्याच्या गौरींची बापटांच्या घरची रीत अशी. घरातली कुमारिका नदीवर जाते, पाण्यातून पाच खडे उचलून ताम्हनात ठेवते आणि घरी आणते. खडे उचलल्यापासून आरती होईपर्यंत तिने तोंड उघडायचं नाही आणि मागे वळून बघायचं नाही. तिच्या मागून घरची सून घंटा वाजवत चालते. दारात सासू विचारते, गौर कशाच्या पावलांनी आली, आणि मुलीच्या वतीने सून उत्तर देते. मग गौरीला खोलीखोलीतून फिरवून घर दाखवायचं.

मानसी दोन तास गप्प बसणार, यावर श्रीपादने आधीच भरपूर हसून घेतलं होतं. पण पोरीने मनावर घेतलं. रामघाटावर शिप्रेच्या पाण्यात हात घालून तिने पाच खडे काढले, ताम्हनात ठेवले आणि ओठ घट्ट मिटून घेतले. घरापर्यंत गाडीत ती गाल फुगवून बसली होती, डोळ्यांत हसू मावत नव्हतं. श्रीपाद तिला चिडवायला काहीबाही विचारत होता आणि ती फक्त कोपर मारत होती. मधुराला तेव्हा लेकीचं फार कौतुक वाटलं.

दुपारचे तीन वाजले होते. गल्लीत वळले तर सगळी वसाहत बाहेर उभी. अकरा फाटकं, प्रत्येक फाटकात सगळं कुटुंब, म्हातारी माणसंसुद्धा. कुणी नमस्कार केला नाही, कुणी हललं नाही. ते मानसीकडे बघत होते. मधुराच्या हातातली घंटा वाजवायची राहून गेली. "चला, चला," श्रीपाद हळूच म्हणाला.

अक्का नऊवारी नेसून दारात काठीवर उभ्या होत्या, चेहरा नुसता फुललेला. त्यांनी मानसीच्या पायांवर दूध-पाणी घातलं, कुंकू लावलं. मानसीने आत येणाऱ्या पावलांवर आपली पावलं ठेवली आणि उंबरा ओलांडला.

"गौर आली, कशाच्या पावलांनी आली?" अक्कांनी विचारलं.

"सोन्याच्या पावलांनी आली," मधुरा म्हणाली.

पुढे मानसी, मागे मधुरा, बाजूने अक्का. स्वयंपाकघरात अक्कांनी विचारलं, "गौरी, काय बघितलंस?" "धनधान्य बघितलं," मधुरा म्हणाली. देवघरापाशी, "गौरी, काय बघितलंस?" "दिवाबत्ती बघितली." मग मानसीच्या खोलीत. खोलीत तिचा पलंग, पुस्तकं, आरशाचं कपाट.

"गौरी, काय बघितलंस?"

मधुराने उत्तरासाठी तोंड उघडलं आणि तिच्या आधी उत्तर आलं.

"माझी खोली बघितली."

आवाज मानसीचा होता. "अगं वेडे, बोललीस ना शेवटी!" अक्का हसल्या, थोड्या चिडल्याही. पण मधुरा मागे उभी होती आणि समोर आरसा होता. आरशात तिला लेकीचा चेहरा दिसत होता. ओठ मिटलेले होते, गाल फुगलेले, आणि डोळ्यांतलं हसू एकाएकी थांबलं होतं.

५

आरती झाली. अक्कांनी मानसीच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाल्या, "सुटलीस. बोल आता काय बोलायचं ते."

मानसीने तोंड उघडलं. काहीच आलं नाही.

सगळ्यांना वाटलं, नाटक करते आहे. श्रीपादने गुदगुल्या केल्या. ती हसली, पोट हललं, खांदे हलले, आवाज नाही. मग तिने गळ्याला हात लावला आणि रडायला लागली, तेही मुक्याने. मधुराने तिला उचलून छातीशी धरलं तेव्हा पोर थरथरत होती.

संध्याकाळीच डॉक्टर गाठला. घसा लख्ख आहे, तो म्हणाला. काही वेळा मुलं घाबरतात, येईल आपोआप. मधुराने हे वाक्य घट्ट धरलं. आपोआप येईल. घाबरण्यासारखं काय झालं, असं त्याने विचारलं तेव्हा तिने सांगितलं, काही नाही, घरी पूजा होती.

दुसऱ्या दिवशी गौरींचं जेवण. मधुरा पुरण वाटत होती. मागून हाक आली, "आई, पाणी दे ना गं."

"देते हं, राणी," ती म्हणाली, आणि मग तिच्या हातातली वाटी पडली. तिने पेला भरला, धावत मानसीच्या खोलीत गेली. खोली रिकामी होती. पलंगावरची चादर मध्ये खोलगट झालेली होती. खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं. तिथे मानसी श्रीपादजवळ बसून फुलं निवडत होती, ओठ मिटून.

"इथे ठेव," आवाज म्हणाला. पलंगाकडून आला. "आई, आता मी शाळेत नाही गेले तरी चालेल ना? मला शाळा नाही आवडत."

मधुराच्या अंगावर काटा आला तो वेगळ्याच गोष्टीने. हिंदी शाळेत वाढलेली तिची मुलगी जन्मापासून 'शाला' म्हणायची. अक्कांनी किती वेळा जीभ वळवून दाखवली होती, तिला ते जमलंच नव्हतं. आणि हा आवाज मानसीचाच होता, तीच घाई, तोच लाडिक हेल, फक्त शब्द धुऊन पुसून ठेवल्यासारखे स्वच्छ.

तिने पेला टेबलावर ठेवला. ती स्वतःला सांगत होती की रात्रभर झोप नाही, कान वाजतात. मग तिने दार लावून घेतलं आणि दाराबाहेर उभी राहिली. आत कुणी तरी गुणगुणत होतं. वाईट याचं वाटत होतं की तिला ते ऐकत उभं राहावंसं वाटत होतं.

६

तिसऱ्या दिवशी गौरी शिप्रेत सोडून ते परतले तर गल्लीत छिन्न्या वाजत होत्या.

अकराही पायऱ्यांवर माणसं बसली होती आणि पावलांच्या फरश्या फोडत होती. तुकडे रस्त्यावर फेकलेले. खिडक्या सताड उघड्या. भाजीवाला गाडी घेऊन आला होता आणि भसाड्या आवाजात "आलू ले लो, गिलकी ले लो" म्हणून ओरडत होता, आणि बायका लांबून त्याला भाव विचारत होत्या. मुलं किंचाळत एकमेकांच्या मागे पळत होती. कुणी एक बाई फाटकात उभी राहून नुसतीच मुलाचं नाव घेत होती, पुन्हा पुन्हा, पोरगं जवळ उभं असताना.

मीरा भाभी मिठाईचा डबा घेऊन आली. मधुराने तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. दात बारीक, छान होते.

"मधुरा जी!" तिने मोठ्यांदा हाक मारली. नाव तिला कधीपासून माहीत होतं कोण जाणे. "लीजिए, मुँह मीठा कीजिए. अब तो अपन घर के जैसे हो गए."

ती फाटकाच्या बाहेरच उभी राहिली. पाय आत टाकला नाही. मधुराने डबा घेतला नाही. तिला त्या हसऱ्या तोंडावर ओरबाडावंसं वाटलं.

"मेरी बच्ची को क्या हुआ है?" ती म्हणाली. "आप लोगों को सब पता था."

"हमने कहा था ना, यहाँ मत लाना. आपने तो रास्ता बना के बुलाया."

"मैं आज ही फरशी वापस पलटवती हूँ."

"पलटवा दो," मीरा भाभी म्हणाली. हसू तसंच होतं, पण आवाज खाली आला. "निकल जाएगी. पैर जिधर हों, उधर ही चलती है. लेकिन खाली हाथ नहीं जाती, बहन. जो लिया है, साथ ले जाती है." तिने मान वळवून आपल्या व्हरांड्याकडे पाहिलं. वेताच्या खुर्चीत तिचे यजमान बसले होते. त्यांनी मधुराकडे बघून हळूच मान हलवली, रोजच्यासारखी. तोंड उघडलं नाही.

"नौ साल," मीरा भाभी म्हणाली. "मैंने पलटवा दिया था. दूसरे ही दिन. लोग बोले, जल्दी करो." मग तिने डबा फाटकाच्या खांबावर ठेवला, पदर सावरला आणि घराकडे जाताना उगीचच मोठ्याने मुलाला हाक मारली, "रोहन! ओ रोहन!"

७

पुढचे आठ दिवस त्या घरात दोन मुली होत्या.

एक दिसायची. ती शाळेत जात नव्हती, मधुराच्या मागे मागे असायची, साडीचा पदर मुठीत धरून. दुसरी ऐकू यायची. ती सकाळी उठली की गोष्ट सांगायची, दुपारी पाढे म्हणायची, अक्कांना लाडाने चिडवायची. खोटं कशाला सांगा, ती गोड होती. रोज जास्त गोड होत होती. श्रीपाद ऑफिसातून आल्यावर बैठकीत बसायचा नाही, फाटकाशीच फेऱ्या घालायचा. अक्कांनी अन्न टाकलं होतं. "माझ्या हट्टापायी," एवढंच त्या म्हणायच्या आणि काठीने उंबऱ्यावर ठोकत राहायच्या.

नवव्या दिवशी दुपारी श्रीपाद हातोडा आणि छिन्नी घेऊन पायरीवर बसला. मिस्त्री यायला तयार नव्हता.

"काढून परत फिरवतो," तो म्हणाला. "काही पण होऊ दे. या आवाजाने मी वेडा होऊन राहिलो आहे, मधुरा. ती आपली नाही."

"काढ, बाबा," अक्का आतून म्हणाल्या.

मधुरा उंबऱ्यावर बसली होती. मानसी तिच्या मांडीवर, एवढी मोठी पोर पाय पोटाशी घेऊन. तिच्या हातात शाळेची वही होती. गेले चार दिवस ती त्यात लिहून बोलायची. आता तिने एक पान फाडलं आणि आईच्या तोंडासमोर धरलं. ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'बाबांना काढू दे. आई ती मी नाही.'

मधुराने तिचा हात आपल्या हातात धरला. तिला माहीत होतं. आरशात पाहिलं तेव्हापासून तिला माहीत होतं. पण फरशी फिरली की हा आवाज कदंबांच्या रांगेखालून निघून जाईल, आणि ही मुलगी पन्नास वर्षांची होईल, साठ वर्षांची होईल, आणि 'आई' म्हणणार नाही. डॉक्टर म्हणाला होता, येईल आपोआप. कुठून येईल? जिथे आहे तिथूनच ना? इथे आहे तोवर आशा आहे. बाहेर गेला की कुठे शोधायचा?

"मधुरा, बोल," श्रीपाद म्हणाला. छिन्नी फरशीच्या कडेला टेकवलेली होती. "एकदा हो म्हण."

आत, मानसीच्या खोलीत, पाढे थांबले.

"आई," आवाज म्हणाला. रडवेला. ताप आला की मानसी अशी हाक मारायची. "आई, बाबांना सांग ना. मला बाहेर भीती वाटते. आई, मी गप्प बसेन, मी तुला त्रास नाही देणार. आई, तू आत ये ना."

मांडीवरची मानसी मान जोरजोरात हलवत होती. तिने मधुराचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवला. तिचं तोंड उघडं होतं, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, चेहरा लाल झाला होता, आणि त्यातून काही म्हणजे काही येत नव्हतं. मधुराने त्या उघड्या तोंडाकडे पाहिलं. तिला ते पाहवलं नाही.

तिने पाय पुढे केला आणि छिन्नी फरशीवरून बाजूला सारली.

"आई?" आतून पुन्हा हाक आली.

"आले गं, राणी," मधुरा म्हणाली.

तिच्या हातातून मानसीने आपला हात काढून घेतला.